बागेत सापडलेलं हाड कुणाचं? असं ओळखा

लिंबाच्या रोपाला आळं करताना कुदळीला हाड लागलं की घरात आधी भुताखेतांच्या गोष्टी निघतात. बहुतेकदा ती कुत्र्यानं पुरून ठेवलेली मटणाची नळी असते. तरी शहानिशा करावी.

हातमोजे घाला. हाड जागेवर असतानाच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मग उचला. भोवतीची माती चाळून घ्या; एखादा दात मिळाला तर निम्मं काम झालंच. जुन्या टूथब्रशनं साध्या पाण्यात धुवा. उकळू नका, ब्लीच तर नकोच.

आता खुणा बघा. सत्तुराचा सपाट काप दिसला तर हाड स्वयंपाकघरातून आलंय. शेजारी शेजारी बारीक चरे असतील तर उंदीर-घुशीनं कुरतडलंय. हाताला अगदी हलकं, आत पोकळ आणि पातळ भिंतीचं असेल तर पक्ष्याचं, म्हणजे बहुधा कोंबडीचं.

खरी ओळख टोकांत असते. पायासूपमधलं लांब हाड आठवा. त्याच्या खालच्या टोकाला दोन कप्प्या शेजारी शेजारी असतात, कारण दोन हाडं जुळून ते एक झालेलं असतं. शेळी-मेंढी, गाय-म्हैस सगळ्यांत हीच ठेवण. शेळीचं साधारण अंगठ्याएवढं जाड, गाईचं बरंच दणकट. शेळी की मेंढी या वादात पडू नका, उत्खननातले जाणकारही पुष्कळदा दोन्ही एकत्रच नोंदवतात. टोक निखळलेलं असलं तर मोडलंय असं लगेच समजू नका. कोवळ्या जनावराची टोकं हाडाशी अजून सांधलेली नसतात.

दाढेवर चंद्रकोरी दिसल्या तर रवंथ करणारं जनावर. मोठे सुळे आणि कात्रीसारखी दाढ असेल तर कुत्रा-मांजर. पुढचे दात वाकडे, पिवळे-नारिंगी आणि मागे मोकळी जागा असेल तर घूस. डुकराची दाढ मात्र माणसाच्या दाढेसारखी दिसते, उगाच छातीत धस्स होतं.

माणसाच्या मांडीचं हाड सुमारे ४५ सेंटीमीटर लांब, वर चेंडूसारखं गोल डोकं. तशी शंका आली तर खणणं थांबवा, ११२ लावा. वन्यप्राण्याचं वाटलं तर घरात ठेवू नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते चालत नाही. महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे.

मटणाचंच निघालं तर परत पुरा, पण हातभर खोल. नाहीतर रात्री कुत्रं लिंबासकट उकरून काढेल.