लहान पोरांचे शब्द आणि लॉजिक, दोन्ही एकाच गप्पेत वाढवायचं कसं

फ्लॅशकार्ड आणि वर्कशीटं आधी बाजूला ठेवा. फेकू नका, पावसात घरात कोंडलेल्या दुपारी कामी येतात. पण तीन ते सहा-सात वर्षांच्या पोराला शब्द लागतात ते हातात वस्तू असताना, आणि डोकं चालतं ते कुणी "का रे असं?" विचारून पुढे गप्प बसलं की. गप्प बसणं आपल्यालाच सगळ्यात जड जातं, म्हणून मनात पाच आकडे मोजा, मग तोंड उघडा.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. प्रत्येक कामाचं नेमकं क्रियापद बोलत राहा, मटार सोलायचे, मेथी निवडायची, गाजर किसायचं, बटाटा उकडून कुस्करायचा, कणीक चाळून मळायची, दाणे भाजून साल पाखडायची. "हे काय आहे, सांग बरं" असा इंटरव्ह्यू नको, त्याने पोरं पळतात. इंदूरला भुट्ट्याचा कीस करतो तेव्हा तर आयती संधी, कणीस सोलायला पोराच्या हातात द्या आणि जुनं कोडं घाला, "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब". उत्तर हातातच आहे तरी बघा किती वेळ लागतो. सापडलं की उलटं काम द्या, आता तू कांद्यावर कोडं कर. पहिलं कोडं "गोल असतो आणि त्याची भाजी करतात" असलं काहीतरी येणार. हसा, पण सुधारून देऊ नका, फक्त विचारा, "अरे, गोल तर टमाटर पण असतो, त्याची पण भाजी करतात, मग मी कसं ओळखू?" मग तो कांद्याकडे नीट बघायला लागतो, साल, पापुद्रे, डोळ्यात पाणी. कुठला गुण सांगायचा, कुठला लपवायचा, हे ठरवणं म्हणजेच रीझनिंग, त्याला वेगळा क्लास लागत नाही.

आता भाषेची कुरकुर. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्लिश, त्यामुळे पोर येऊन म्हणणारच, "आई, माझी पेन्सिल टूट गई". यावर "नीट मराठीत बोल" म्हणून दरडावलं की ते बोलणंच कमी करतं. त्यापेक्षा त्याचंच वाक्य मराठीत परत बोला आणि वर एक शब्द जास्त घाला, "तुटली? टोक मोडलंय की मधोमध दोन तुकडे झालेत?" दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळत नाही, मिसळून बोलणं अगदी नॉर्मल आहे, आणि किती शब्द येतात ते मोजायचंच असेल तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. मात्र दोन वर्षं पूर्ण होऊनही "पाणी दे" इतके दोन शब्द जोडत नसेल तर डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या, "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत बसू नका.

वर्गीकरणासाठी इंदूरकरांना खेळणं विकत घ्यायची गरजच नाही, दारात कचऱ्याची गाडी येते. 2017 मधे स्वच्छतेत देशात पहिले आलो तेव्हापासून ओला-सुका हे शब्द इथल्या पोरांना बोलता यायच्या आधी ऐकून पाठ असतात. पण पाठ असणं वेगळं. तुम्ही सांगू नका, त्याला ठरवू द्या. केळ्याचं साल? ओला. शेवेची रिकामी पुडी? सुका. मग विचारा, ओला म्हणजे काय रे? बहुतेक उत्तर येतं, "ज्यात पाणी असतं तो". आता उन्हात वाळून कडक झालेलं केळ्याचं साल दाखवा, आणि बाजूला पाण्याने भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. पोर अडकतं, आणि अडकू द्यायचं. त्याचा नियम मोडलाय, नवा त्यालाच करायचाय. "सडतं ते ओलं" इथपर्यंत आज नाही तर पुढच्या आठवड्यात येईल, घाई नाही. मधेच सेल, फुटलेला बल्ब टाका, म्हणजे गाडीत तिसरा कप्पा कशाला लागतो ते पण निघतं. (सेल लांबूनच दाखवा, बारके सेल गिळले जातात.)

पाण्याचा खेळ एकदा तरी कराच. सारख्या दोन ग्लासांत सारखं पाणी, पोराकडून "हो, सेम आहे" म्हणवून घ्या, मग एकातलं पाणी त्याच्यासमोर उंच अरुंद ग्लासात ओता. कुठे जास्त? साधारण सात वर्षांच्या आधी बरीच पोरं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात, जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं होतं. चूक म्हणायचं नाही, परत ओतून दाखवा आणि "आता?" एवढंच विचारा. उंच, पसरट, अरुंद, काठोकाठ, तेवढंच हे शब्द आपोआप तोंडी बसतात.

गोष्टींत पण तेच. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला, काऊचं वाहून गेलं. इथे थांबा आणि विचारा, पाऊस नसता, मे महिन्याचं ऊन असतं तर? इंदूरच्या राजवाड्यासमोरून जाताना सात मजले मोजून घ्या आणि विचारा खालचे तीन दगडाचे, वरचे लाकडाचे, उलटं केलं असतं तर? "पडलं असतं" एवढ्यावर सोडू नका, का पडलं असतं?

आणि लांबच्या प्रवासात, मोबाईल द्यायच्या आधी, नात्यांची कोडी. बाबांच्या आईची मुलगी तुझी कोण? आत्या, सोपं आहे. मग टाका, मामाच्या बहिणीचा मुलगा कोण? पोरं मावसभावांची नावं घेत बसतात, भाऊ असेल तर थोड्या वेळाने तो पण सुचतो. "अजून कोणी?" विचारत राहा, मुलगा असेल तर स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी सापडतं.