जुनी ऐरण साफ करताय? आधी ग्राइंडर खाली ठेवा

कोल्हापुरात जुनी ऐरण हाती लागली की पहिला सल्ला ठरलेला: "उद्यमनगरात ने, मशीनवर तोंड सपाट करून घे." काम चोख होतं आणि ऐरण बाद होते. जुन्या विलायती ऐरणीचं अंग बहुधा मऊ लोखंडाचं असतं. वर पोलादी पाटा जोडून तो कडक केलेला असतो. तो कडक थर मशीनने उडवला की उरतं ते हातोड्याने दबणारं लोखंड. मधला थोडा खोलगटपणा असू द्या, वाकलेली पट्टी सरळ करायला तो कामालाच येतो.

कडेचे टवके वेल्डिंगने भरायचाही नाद नको. ऐरण नीट तापवून न घेता वेल्डिंग केलं तर शेजारीच तडा जातो. त्यापेक्षा टवक्याची धार कानसीने गोल करा. तशीही धारदार कड तापल्या लोखंडात खाच पाडते, गोल कडच बरी.

गंज जाळायला ऐरण भट्टीत घालणारेही भेटतात. पोलादावर निळी झाक आली म्हणजे ते साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं. तिथे कडकपणा उतरलाच समजा. आणि अ‍ॅसिड? गंज खातं, पण पाट्याच्या फटीत शिरून राहतं आणि नीट धुतलं नाही तर दोन दिवसांत पुन्हा तांबूस थर.

रॉकेल किंवा डिझेल लावून रात्रभर ठेवा, मग वायर ब्रश. चष्मा हवाच, तारा उडतात. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून मास्कही. काळपट तपकिरी थर दिसला की थांबा. बाजूला १ २ १० असे आकडे निघाले तर ते बहुधा इंग्रजी वजन: पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा त्याच्या पाव भागाचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२, दोन वेळा २८ आणि १०, एकूण १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. भंगारवाल्याच्या काट्याशी ताडून बघा.

हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द येतोय? बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून तोंडावर सोडा. सात इंच उसळली तर ऐरण चांगली. सगळीकडे चांगली उसळते आणि एकाच जागी मरते, तर तिथे पाटा सुटलाय.

शेवटी अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या. आपल्याकडच्या पावसात, जून ते सप्टेंबर, आठवड्याला एकदा पुसा. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.