हेल्मेट घ्यायला निघताय? आधी ही तयारी करा

पाडव्याला नवी गाडी घेणारे गावातले दोघं-तिघं रोज फोन करून विचारताहेत की हेल्मेट कोणतं घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मागच्या वेळी मी दोन मिनिटं डोक्यात घातलं, आरशात बघितलं आणि पैसे देऊन निघालो. धुळे-पारोळा अपडाऊन सुरू झालं तसं रोज कपाळ ठणकायला लागलं. म्हणून या यादीतली एक गोष्ट मी परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा: हेल्मेट दुकानात अर्धा तास डोक्यात ठेवायचं. मोबाईलला टाइमर लावून, पूर्ण अर्धा तास.

घरून निघतानाच डोकं मोजून घ्या. शिंप्याची कापडी टेप, भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात जास्त फुगलंय तिथून. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. ५८ सेंटीमीटर आला तर ५८ च सांगा, 'मी मीडियम घालतो' असं सांगू नका, कारण एका कंपनीचं मीडियम ५७-५८ असतं आणि दुसरीचं वेगळंच. कंपनीचा साइज चार्ट नेटवर असतो, तो बघूनच निघा.

सोबत काय न्यायचं ते ऐका. चष्मा लागत असेल तर चष्मा, कधीकधीच लावत असाल तरी. आता रुमालाचं. हा मुद्दा आपल्या खान्देशातला आहे, पुण्या-मुंबईचे व्हिडिओवाले सांगत नाहीत. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, आपण सगळे डोक्याला-कानाला रुमाल गुंडाळूनच गाडी काढतो. मग होतं काय, की रुमालासकट बसावं म्हणून माणूस एक साइज मोठं घेतो, आणि थंडीत रुमाल सुटला की तेच हेल्मेट डोक्यावर हलतं. तसं करू नका. साइज उघड्या डोक्यावरच घ्या. उन्हाळ्यासाठी आत घालायची पातळ टोपी मिळते, स्कल कॅप म्हणतात, घाम तीच टिपते आणि फिटिंग बदलत नाही. रुमाल लागतच असेल तर तो गळ्याला बांधा, तिथे त्याचा दुसराही उपयोग आहे, पुढे सांगतो.

वेळ काढून जा. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, आडवारी. सणाच्या गर्दीत गेलात तर दुकानदार तुम्हाला अर्धा तास उभं राहू देणार नाही, आणि अर्धा तास मिळणार नसेल तर जायचंच नाही.

आयएसआयचं वेगळं सांगायला नको. जून २०२१ पासून बिगर-आयएसआय दुचाकी हेल्मेट बनवणं-विकणंच बंद आहे. तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली मिळतात आणि त्यावरही स्टिकर असतो! शिक्क्याजवळ सीएम/एल म्हणजे लायसन्सचा नंबर असतो, तो बीआयएस या शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका, लायसन्स कोणाचं ते लगेच दिसतं. फुलफेसच घ्या. टोपीसारखं अर्धं हेल्मेट नको, हनुवटी उघडी राहते आणि आवाज तर सगळाच कानात.

आता डोक्याचा आकार. घेर ५८ असलेली दोन डोकी सारखी नसतात. कोणाचं वरून बघितलं तर गोल असतं, कोणाचं पुढून-मागे लांबट, बहुतेकांचं मधलं. लांबट डोकं गोल हेल्मेटात घातलं की कपाळावर दाब येतो आणि कानांच्या बाजूला पोकळ राहतं. गोल डोकं लांबट हेल्मेटात घातलं तर दोन्ही कानशिलं आवळतात. हे साइज वाढवून जात नाही हो! मोठा साइज घेतला तर कपाळाला बरं वाटतं पण बाकीकडे ढिलं होतं. कंपनी बदला, मॉडेल बदला, पण आकाराचं दुखणं साइजने बरं करू नका. बायकोला किंवा मित्राला वरून डोक्याचा फोटो काढायला सांगा, केस दाबून, लगेच कळतं.

आणि हे दोन मिनिटांत कळत नाही, म्हणून परत तेच. घालताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ओढून घाला, पट्टा लावा आणि टाइमर सुरू करा. पहिली पाच मिनिटं प्रत्येक चांगलं हेल्मेट घट्टच वाटतं आणि प्रत्येक ढिलं हेल्मेट आरामशीर वाटतं, त्यामुळे त्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटांनी एखाद्या जागी, कपाळाच्या मधोमध किंवा कानाच्या वर, बोटाएवढ्या जागेत ठणका सुरू होतो. तोच गुन्हेगार. सगळीकडून सारखं घट्ट असेल तर चालेल, गादी वापरून थोडी दबते, गालाजवळची तर नक्की दबते. पण एका जागी टोचत असेल तर ती जागा दबत नाही, कारण गादीच्या मागे थर्माकोल असतो आणि थर्माकोल तुमच्या कपाळासाठी जागा करणार नाही. दुकानदार म्हणेल, 'वापरी वापरी ढिली व्हई जाई भाऊ'. गालाच्या बाबतीत त्याचं खरं आहे, कपाळाच्या बाबतीत नाही.

अर्धा तास झाला की काढा आणि लगेच आरशात कपाळ बघा. सगळीकडे फिकट गुलाबी पट्टा असेल तर ठीक. एकाच जागी लालभडक ठिपका असेल तर परत द्या, कितीही आवडलं असलं तरी. चष्मेवाल्यांनी हेल्मेट घालून मग चष्मा सरकवून बघा, काड्या कानशिलावर दाबल्या जात असतील तर तेही अर्ध्या तासातच कळेल.

त्या अर्ध्या तासात नुसतं उभं राहू नका, पुढचं करून घ्या. हनुवटीचा भाग दोन्ही हातांनी धरून हेल्मेट डावीकडे-उजवीकडे फिरवा, डोकं स्थिर ठेवून. गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट नुसतं गालावरून घसरलं तर मोठं आहे. कपाळ आणि गादीच्या मधे बोट जायला नको. गाल इतके दाबलेले हवेत की बोलताना आतून दाताखाली आल्यासारखं वाटावं, नव्या हेल्मेटचं ते बरोबर आहे. मग पट्टा लावून, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा आवळून, मागच्या काठाला हात घालून कोणाला तरी हेल्मेट पुढे-वर ढकलायला सांगा. डोक्यातून निघून आलं तर ते हेल्मेट पडताना पण निघून जाईल, मग आयएसआय असून काय उपयोग? गाडीवर बसतो तसं थोडं वाकून बघा, स्पोर्ट बाइक असेल तर जास्तच वाकून, समोरचा वरचा काठ नजरेत येतो का ते बघायला. काही कंपन्यांच्या गालाच्या गाद्या जाड-पातळ वेगळ्या मिळतात, विचारा. कपाळ बरोबर आणि फक्त गाल जास्त घट्ट असतील तर तेवढ्याने काम होतं.

मुलाला किंवा भावाला पाठवून हेल्मेट मागवू नका. ऑनलाइन घेतलं तर परत करायची मुदत बघा, काचेवरचा प्लास्टिक कागद काढू नका, आणि घरी टीव्ही बघत अर्धा तास. तेच. सुटका नाही.

आता आवाज. लोकांना वाटतं आवाज इंजिनचा असतो. साधारण ६०-६५ च्या वर गेलात की कानात जो घोंघाट असतो तो वाऱ्याचा असतो, आणि तो सगळ्यात जास्त खालून येतो, मान आणि हेल्मेटच्या काठाच्या मधल्या फटीतून. म्हणून फिटिंग आधी सांगितलं. ढिल्या हेल्मेटात ही फट मोठी आणि आवाजही मोठा, आणि साक्रीकडे पवनचक्क्यांच्या पट्ट्यातून, कोंडाईबारी घाटाकडे जाताना आडवा वारा लागतो तेव्हा ढिलं हेल्मेट डोक्यावर वळतं, मान धरते. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा काही हेल्मेटसोबत येतो, डब्यात तसाच पडून असतो, तो लावा. नसेल तर गळ्याला रुमाल बांधून त्याचा वरचा भाग हेल्मेटच्या काठाला टेकेल असा ठेवा, टोकं मात्र आत खोचून, नाहीतर तीच फडफडतात.

काच बंद केल्यावर तिचं रबर सगळीकडे टेकतंय का बघा, दुकानातच, दिव्यासमोर धरून, फटीतून उजेड यायला नको. हनुवटी वर उचलणारी फ्लिप हेल्मेटं चष्मेवाल्यांना सोयीची पण जोड जास्त म्हणून आवाजही सहसा जास्त. पुढे छज्जा असलेली आपल्या उन्हात चांगली वाटतात, पण हायवेला छज्जा वारा पकडतो आणि मान मागे ओढतो.

शिटीसारखा आवाज येत असेल तर वरची हवेची भोकं एकेक करून कागदी चिकटपट्टीने बंद करून चालवून बघा, कोणतं वाजतंय ते सापडेल. आणि गाडीला पुढे छोटी काच असेल तर दोष हेल्मेटचा नसूही शकतो. त्या काचेवरून उसळलेला वारा थेट हेल्मेटवर आदळतो आणि डोकं थडथडतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, फूटरेस्टवर जरा उठून बघा, मग थोडं खाली वाकून. उठल्यावर आवाज एकदम साफ झाला तर गाडीची काच बदला किंवा तिचा कोन बदला, हेल्मेटवर पैसे घालवू नका.

पण कितीही भारी हेल्मेट घेतलं तरी हायवेला कानात बोळे लागतातच, हे मनापासून सांगतो. ८०-१०० च्या स्पीडला हेल्मेटच्या आत साधारण ९५ ते १०० डेसिबल आवाज असतो, हेल्मेट आणि गाडीप्रमाणे थोडा कमीजास्त. कामाच्या जागेच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने जी मर्यादा सांगितली आहे ती ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. धुळ्याहून जळगाव सरळ गेलात तरी एक तास कुठेच गेला नाही. घरी आल्यावर कानात कुईं वाजतं ना, ते थकव्याचं लक्षण समजू नका. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की परत येत नाहीत, त्याला औषध नाही.

मेडिकलमध्ये फोमचे इअर प्लग मिळतात, स्वस्त असतात. कापूस नको, त्याने जवळजवळ काहीच अडत नाही. प्लग घालायची पद्धत चुकते म्हणून लोक म्हणतात फरक पडत नाही. हात धुवा, प्लग बोटांत वळून अगदी बारीक काडी करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा आणि बोटाने २०-३० सेकंद धरून ठेवा, तो आत फुगतो. स्वतःचा आवाज घशातून आल्यासारखा वाटला म्हणजे बसला. त्यानंतर हेल्मेट, घालताना प्लग ओढला जाणार नाही असं सांभाळून. हॉर्न ऐकू येतो, वाऱ्याचा घोंघाट खाली बसल्यामुळे उलट मागून येणारा केळीचा ट्रक वेगळा ओळखू येतो. गावात, बाजारात काढून ठेवा. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर घालू नका, डॉक्टरला दाखवा. ब्लूटूथवर गाणी मोठ्याने लावून वाऱ्याचा आवाज झाकणं म्हणजे आवाजावर आवाज, ते करू नका. हेल्मेटात स्पीकर बसवणार असाल तर तो बसवून परत अर्धा तास, कारण जाड स्पीकर कानाची पाळी दाबतो आणि ते दुकानात केलेल्या अर्ध्या तासात धरलेलं नसतं.

बाकीचं पटापट. बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि साइज लिहून घ्या. काळी काच रात्री नको, साधी काच हवीच. गाद्या निघणाऱ्या असाव्यात, उन्हाळ्यात घामाने दर आठवड्याला धुवाव्या लागतात, साध्या शाम्पूने, सावलीत वाळवा. थिनर, पेट्रोल, स्प्रे पेंट लावू नका, थर्माकोल आणि कवच दोन्ही खराब होतात. उन्हात टाकीवर ठेवू नका. डोक्यात असताना आपटलं असेल तर बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला, आणि जुनं शेतावरच्या गड्याला देऊन टाकू नका, त्याचं डोकंही डोकंच आहे. पट्टा कापा आणि भंगारात टाका.