चढ-उतारावर पेट्रोल मोटरहोमचा गिअर सांभाळताना
पेट्रोल इंजिनाची मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, चढाला लागली की स्वयंचलित गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली येतो आणि इंजिन मोठ्याने गुरगुरू लागते. त्या आवाजाने दचकून पुष्कळ चालक पाय सैल सोडतात, परंतु या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांतच असल्यामुळे मिनिटाला ४००० च्या आसपास फेरे, काटा लाल पट्ट्याखाली असेपर्यंत, त्याला बाधत नाहीत. गिअर सारखा वर-खाली होत राहिला, तर मात्र गिअरबॉक्सचे तेल तापते. अशा वेळी टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठी असलेली, गिअर वारंवार बदलू न देणारी गिअरबॉक्सची सोय) चालू करावा किंवा खालचा गिअर हातानेच धरून ठेवावा.

खरी दक्षता उतारावर हवी. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर घ्यावा, कारण गाडीने एकदा वेग घेतला की इंजिनाच्या रक्षणासाठी गिअरबॉक्स तो गिअर नाकारू शकतो. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नये. वेग वाढताच ठामपणे दाबून तो ताशी आठ-दहा किलोमीटरने उतरवावा आणि पाय पूर्ण उचलावा. टो-हॉलमध्ये अनेक गाड्यांचा गिअर याच दाबाने आपोआप एक पायरी उतरतो. जळका वास आला, तर सुरक्षित जागा मिळताच थांबून ब्रेक निवू द्यावेत.