साखरपुड्याच्या अंगठीसाठी लखलखता हिरा कसा निवडावा

साखरपुड्याची अंगठी घेण्यासाठी दोन्ही घरची मंडळी सराफाच्या पेढीवर बसली की पहिला प्रश्न बहुधा वजनाचा निघतो: तीस सेंटचा (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) हिरा घ्यायचा की पन्नास सेंटचा? वजन आकड्यात सांगता येते, त्यामुळे त्याची तुलना सोपी वाटते आणि खर्चाचा मोठा वाटाही तिकडेच जातो. परंतु अंगठी बोटात गेल्यावर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ती चमक, आणि ही चमक प्रामुख्याने हिऱ्याला पैलू कसे पाडले आहेत यावर ठरते. म्हणून ठरवलेल्या रकमेत आधी उत्तम कट, म्हणजे पैलूंची उत्तम घडण, मिळवावी आणि मग उरलेल्या रकमेत वजन, रंग व शुद्धता बसवावी, हा क्रम मी आग्रहाने सुचवेन.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातून गेलेल्या कोहिनूरचे आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात तो मांडला गेला तेव्हा त्याचे वजन आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरट होते, तरीही पाहायला आलेल्या अनेकांची निराशा झाली, कारण जुन्या भारतीय घडणीत खड्याचे वजन राखण्याला महत्त्व होते आणि त्यातून प्रकाश हवा तसा परतत नव्हता. पुढच्याच वर्षी, राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्यात लक्ष घातल्यावर, त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि वजन १०५.६ कॅरटवर आले. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हिऱ्याचे चाळीस टक्क्यांहून अधिक वजन केवळ चमकेसाठी घालवले गेले. जुन्या घडणीला तिचे स्वतःचे सौंदर्य आहे आणि पोलकीचे, म्हणजे आधुनिक पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचे, दागिने मलाही प्रिय आहेत. पण ज्यांना लखलखाट हवा आहे त्यांनी कट आधी पाहावा, हे या हिऱ्याच्या इतिहासातून स्पष्ट होते.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, २.४२ आहे. त्यामुळे वरच्या बाजूने आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूवर लंबाशी सुमारे २४.४ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर तो बाहेर न निसटता पूर्णपणे आत परावर्तित होतो, समोरच्या पैलूवर जातो आणि तिथून पुन्हा वर, पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. खालचा भाग, ज्याला व्यापारात पॅव्हेलियन म्हणतात, तो प्रमाणापेक्षा खोल असला की प्रकाश दुसऱ्या पैलूतून खाली निसटतो आणि हिऱ्याचा मध्य काळवंडलेला दिसतो. तो फार उथळ असला, तर वरच्या सपाट पैलूच्या आत कडेचे पांढुरके वर्तुळ उमटते. व्यापारी त्याला फिशआय म्हणतात. दोन्ही दोष एकदा ओळखता आले की साध्या डोळ्यांनीही दिसतात, आणि रंगाची किंवा शुद्धतेची कितीही वरची श्रेणी ते झाकू शकत नाही.

गोल ब्रिलियंट घडणीच्या हिऱ्याला ५७ पैलू असतात. खालचे टोक किंचित घासलेले असल्यास ५८. या आकाराचे गणित हिऱ्यांचे अभ्यासक मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडले. त्यांच्या हिशेबात वरचा सपाट पैलू, म्हणजे टेबल, व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या भागाचा म्हणजे क्राऊनचा कोन ३४.५ अंश आणि पॅव्हेलियनचा कोन ४०.७५ अंश येतो. आज नेमके हेच आकडे शोधत बसण्याची गरज नाही. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के, क्राऊनचा कोन ३४ ते ३५ अंश आणि पॅव्हेलियनचा कोन ४०.६ ते ४१ अंश एवढ्या मर्यादेत हिरा असेल, तर तो पाहायला मागवावा. हे आकडे प्रमाणपत्रावरच्या छोट्या आकृतीत छापलेले असतात, परंतु दुकानात बहुतेकांची नजर रंग आणि शुद्धतेच्या अक्षरांवरच थांबते आणि ती आकृती न वाचताच कागद घडी घालून पिशवीत जातो. हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए या संस्थेने २००६ पासून गोल ब्रिलियंटला कटची श्रेणी देण्यास सुरुवात केली आणि तिची सर्वांत वरची श्रेणी एक्सलंट आहे. ही श्रेणी बरीच रुंद असल्याने एक्सलंट असा शेरा असलेल्या दोन हिऱ्यांतही डोळ्यांना जाणवण्याइतका फरक पडू शकतो. क्राऊनचा कोन ३५.५ च्या पुढे आणि पॅव्हेलियनचा ४१.२ च्या पुढे, असे दोन्ही एकत्र दिसले तर श्रेणी काहीही असली तरी मी तो हिरा बाजूला ठेवण्यास सांगेन.

लंबगोल, पेअर (थेंबासारखा) आणि मार्कीज (दोन्ही टोकांना निमुळता) या आकारांत केवळ आकड्यांवर निर्णय होत नाही. त्यांच्या मध्यावर फुलपाखरी टायच्या आकाराचा काळा पट्टा दिसतो, ज्याला बो-टाय म्हणतात. तो पुसट असेल तर चालतो, गडद असेल तर हिरा मधोमध तुटल्यासारखा भासतो. या आकारांचा हिरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा निदान त्याचा हलता व्हिडिओ पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पेढीवर पाहताना प्रकाशाची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते. दुकानातले छोटे, प्रखर दिवे मुद्दाम असे लावलेले असतात की त्यांच्याखाली सामान्य कटचा हिराही ठिणग्या फेकतो. तेव्हा सुटा हिरा किंवा अंगठी घेऊन दरवाजाजवळ किंवा खिडकीपाशी जाण्याची परवानगी मागावी. चांगला सराफ ती आनंदाने देतो आणि सोबत माणूस पाठवतो. तिथे हिरा डाव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात, टेबल वर करून ठेवावा आणि हात स्थिर ठेवून पाहावा. पांढरा उजेड हिऱ्याच्या कडेपर्यंत पसरलेला आहे का, की मधूनच बोटाची त्वचा दिसते? त्वचा दिसत असेल, तर तिथून प्रकाश निसटतो आहे. त्यानंतर हात हळूहळू कलता करावा. काळे आणि उजळ तुकडे एकमेकांची जागा घेत राहिले पाहिजेत. एखादी काळी जागा हलूनही काळीच राहिली, तर ती प्रकाश गळण्याची खूण आहे. शेवटी हिरा काउंटरच्या खाली, सावलीत धरावा. लग्नघरात, जेवणाच्या टेबलावर किंवा कार्यालयात अंगठी याच मंद उजेडात दिसणार आहे आणि उत्तम कटचा हिरा इथेही जिवंत राहतो. रंगीत ठिणग्या मात्र एकाच लहान दिव्याच्या प्रकाशात पाहाव्यात, कारण पसरट उजेडात त्या विरून जातात.

हे सारे करताना किमान दोन हिरे शेजारी शेजारी ठेवावेत. एकटा हिरा प्रत्येक वेळी सुंदरच वाटतो. तुलना केल्याशिवाय डोळा तयार होत नाही.

रंगाची श्रेणी डी पासून झेड पर्यंत जाते आणि डी म्हणजे पूर्ण रंगहीन. प्लॅटिनममध्ये किंवा पांढऱ्या सोन्यात बसवायचा असेल तर जी किंवा एच पुरेसा आहे. पिवळ्या सोन्यात आय किंवा जे सुद्धा शोभून दिसतो, कारण भोवतालच्या सोन्याची छटा हिऱ्यात उतरतेच. डी आणि जी मधला फरक कोंदणात बसवल्यावर नुसत्या डोळ्यांना कळणे फार अवघड असते, किमतीत मात्र तो ठळकपणे कळतो. शुद्धता दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरवली जाते. व्हीएस२ या श्रेणीतले डाग सहसा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि तिच्याहून एक पायरी खालच्या एसआय१ मधलेही अनेक हिरे स्वच्छ दिसतात. फक्त डाग टेबलाच्या मधोमध काळा नसावा आणि ढगाळपणा नसावा, कारण ढगाळपणामुळे सगळाच हिरा मंदावतो. त्यामुळे व्हीएसच्या वरच्या व्हीव्हीएस श्रेणीचा आग्रह धरून कटमध्ये तडजोड करणे हा माझ्या मते सर्वांत महागात पडणारा व्यवहार आहे.

एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. अर्धा कॅरट आणि एक कॅरट अशा गोल आकड्यांवर दर एकदम चढतो, म्हणून ४७ किंवा ९३ सेंटचा हिरा मिळाला तर तो अवश्य पाहावा. एक कॅरटचा नीट घडवलेला गोल हिरा सुमारे ६.४ ते ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, तर अर्ध्या कॅरटचा ५.१ च्या आसपास. एक कॅरटच्या हिऱ्याचा व्यास ६.१ मिलिमीटरच भरत असेल, तर उरलेले वजन पोटात लपलेले आहे. पैसे त्याचेही मोजले जातात, पण ते बोटावर दिसत नाही आणि चमकेलाही मारक ठरते. प्रमाणपत्रावर वजनासोबत मिलिमीटरमधले माप असते, ते या कारणासाठी पाहावे.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याविषयी घरात आधीच बोलून घ्यावे. सीव्हीडी (वायूतून थर साचवून) किंवा एचपीएचटी (प्रचंड दाब व उष्णता देऊन) पद्धतीने बनवलेला हिरा हा खराच हिरा असतो, त्याची चमक नैसर्गिक हिऱ्याइतकीच असते आणि किंमत कितीतरी कमी असते. सुरतेत त्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. ज्यांना अंगठी आयुष्यभर वापरायची आहे आणि पुढे मोडायची नाही, त्यांच्यासाठी हा अगदी रास्त पर्याय आहे. मात्र या हिऱ्यांचे दर गेल्या काही वर्षांत वेगाने उतरले असल्याने परतीच्या किमतीची आशा धरू नये, आणि बिलावर तो प्रयोगशाळेत बनवलेला असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे. नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतला हिरा डोळ्यांनी किंवा दुकानातल्या साध्या उष्णतेवर चालणाऱ्या टेस्टरने वेगळा करता येत नाही. हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइट हा मात्र वेगळाच खडा आहे. तोही त्या साध्या टेस्टरला फसवतो, पण भिंगातून तिरके पाहिल्यास त्याच्या खालच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात.

प्रमाणपत्र जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या ओळखीच्या संस्थेचे असावे. त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तपशील जुळवावा, आणि हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला तोच क्रमांक भिंगातून दाखवण्यास सांगावे. तयार अंगठीसोबत मिळणारे प्रमाणपत्र अनेकदा बसवलेल्या स्थितीतच तपासून दिलेले असते; कोंदणात हिरा जेवढा दिसतो तेवढ्यावरच श्रेणी ठरलेली असते, म्हणून एकट्या मोठ्या हिऱ्याची अंगठी घेताना सुटा हिरा आधी निवडून मग तो बसवून घेणे अधिक चांगले.

आपल्याकडे हिरा लाभतो की नाही हे पाहण्यासाठी तो काही दिवस जवळ ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. ज्यांना ते करायचे असेल त्यांनी किती दिवसांत आणि कोणत्या अटीवर परत घेणार, हे बिलाआधी लेखी घ्यावे, म्हणजे साखरपुड्याच्या तोंडावर वाद होत नाहीत. ज्योतिषाच्या सांगण्यावरून मागून उघडे कोंदण मागितले जाते. चमकेच्या दृष्टीनेही ते सोयीचे आहे, कारण मागची बाजू धुता येते.

सोने १८ कॅरटचे घ्यावे. २२ कॅरटचे सोने मऊ असल्याने हिरा धरून ठेवणारे काटे वाकण्याचा धोका राहतो. हॉलमार्कमध्ये बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह, ७५० हा शुद्धतेचा आकडा आणि अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, आणि तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. चार काट्यांत हिरा जास्त दिसतो, सहा काट्यांत जास्त सुरक्षित राहतो. कोंदण फार उंच असेल तर काटे पदराच्या धाग्यांत आणि शालीत अडकतात, म्हणून रोज वापरणाऱ्या मुलीला ती आवडीने घालता येईल अशी बैठी घडण तिला स्वतःला घालून पाहू द्यावी. बिलात हिऱ्याचे वजन, प्रमाणपत्राचा क्रमांक, हिऱ्याचे वजन वजा करून उरलेले सोन्याचे निव्वळ वजन, घडणावळ आणि जीएसटी हे सारे वेगवेगळे लिहून घ्यावे.

अंगठी तयार होऊन आली की ताब्यात घेण्यापूर्वी भिंगातून तो कोरलेला क्रमांक पुन्हा पाहावा, काट्याखाली तो झाकला गेला असेल तर सराफाकडून लेखी नोंद घ्यावी. लोकरीचा धागा काट्यांवरून फिरवावा. तो अडकला तर काटा नीट बसलेला नाही. घरी वापरताना हेही लक्षात असू द्यावे की हिऱ्याला तेल आणि स्निग्ध पदार्थ सहज चिकटतात. कणिक मळताना, केसांना तेल लावताना किंवा क्रीम चोळताना अंगठी काढून ठेवावी, कारण खालच्या पैलूंवर बसलेला तेलाचा पातळ थरही परतणारा प्रकाश अडवतो आणि नवा हिरा महिन्याभरात निस्तेज वाटू लागतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यात अंगठी पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, मऊ ब्रशने मागची बाजू हलकेच घासावी आणि बेसिनचे भोक बंद करूनच ती धुवावी. वर्षातून एकदा सराफाकडे नेऊन काटे तपासून घ्यावेत.