बाबागाडीला रेडियम लावा

दिवेलागणीनंतर रस्त्याकडेने जाताना बाबागाडी दुचाकीवाल्यांना पटकन दिसत नाही. एक तर ती बुटकी, त्यात कापड बहुधा काळं-करडं.

नंबरप्लेट करून देणाऱ्या रेडियमवाल्याकडून पट्टी घ्या. मागे लाल, पुढे पांढरी. दांड्या पुसून कोरड्या झाल्यावरच चिकटवा, नाहीतर कडा सुटतात. चाकांवर बाजूने दोन-दोन तुकडे हवेतच. चाक फिरलं की ते लुकलुकतात आणि नजर तिथेच जाते. रेडियम प्रकाश पडल्याशिवाय चमकत नाही, म्हणून हँडलला मागच्या बाजूने सायकलचा लाल ब्लिंकरही बांधा.

ब्लिंकरमध्ये बऱ्याचदा बटण सेल असतो. बाळाने तो गिळला तर जिवावर बेतू शकतं. झाकण स्क्रूने बंद होणाराच घ्या आणि बाळाचा हात पोहोचणार नाही असा बांधा.