ऑनलाइन ट्रेनिंग बाहेरून करून घ्यायचं की घरात, म्हणजे कंपनीतच? या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ट्रेनिंगचं काम बघतो. सुरक्षेचा पहिला ऑनलाइन कोर्स आम्ही बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतला. दिसायला झकास. भट्टीवरच्या मिस्त्रींना दाखवला, तर शेवटपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, "सगळं झ्याक हाय साहेब, पण लॅडल तापवायचं कुठं सांगितलंय?"

लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं-ओतायचं भांडं. ती न तापवता ओलसर राहिली आणि तिच्यात 1,400 अंशांच्या आसपासचं लोखंड घेतलं, तर ओलीची क्षणात वाफ होते आणि रस उसळून अंगावर येतो. नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायची ही गोष्ट, आणि नेमकी तीच कोर्समध्ये नव्हती.

एजन्सीला तरी कसं कळावं? आम्ही जुनी पीपीटी मेल करून मोकळे झालो होतो. मिस्त्रींचा तासभरसुद्धा त्यांना दिला नव्हता. डिझाइन, आवाज, ॲनिमेशन खुशाल बाहेर द्या. काय शिकवायचं, हे बाहेर देऊ नका. जाणकार माणसाचे किती तास देणार, हे ऑर्डरआधीच लिहा आणि त्यावर प्रॉडक्शन मॅनेजरची सही घ्या. नाहीतर ऐन शिफ्टमध्ये माणूस सुटत नाही.

सोर्स फाइल न मागणं

एजन्सी झिप पॅकेज देते, ते एलएमएसवर (कोर्स चालवून कुणी पुरा केला याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चढतं, सगळे खूश. पुढं इमर्जन्सीचा फोन नंबर बदलतो आणि तेवढ्यासाठी नवं कोटेशन येतं. स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला कोर्स असेल तर त्याची मूळ प्रोजेक्ट फाइल, आवाजाच्या मूळ फाइली आणि फॉन्ट ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

हक्कांचंही तसंच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी माणसानं नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं ठरतं. बाहेरच्यानं लिहिलेली स्क्रिप्ट किंवा प्रश्नसंच मात्र नुसतं बिल भागवलं म्हणून आपला होत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. निर्यात करणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

'घरात केलं की फुकट'

हा समज आम्हीही बाळगला. एका हुशार इंजिनिअरवर काम टाकलं. तो ते रात्री जागून करायचा. वर्षभरात नोकरी सोडून गेला, आयटीवाल्यांनी लॅपटॉप फॉरमॅट केला आणि चार कोर्सच्या मूळ फाइली गेल्या. घरात करायचं तर दोन माणसं तयार ठेवा आणि फाइली कंपनीच्या सर्व्हरवरच ठेवा.

वारंवार बदलतं ते घरात करावं: मशीनची कार्यपद्धती, तपासणीचे फॉर्म. आगविझवणी यंत्रं कशी वापरायची, असल्या गोष्टी सगळीकडे सारख्याच. त्या तयार विकत घ्या.

'कोर्स पुरा केला, पण एलएमएस अपूर्ण दाखवतंय'

यात खूपदा दोष कामगाराचा नसतो. लांबलचक कोर्स मध्येच सोडून परत उघडल्यावर पहिल्यापासून सुरू होत असेल, तर पॅकेज स्कॉर्म 1.2 चं आहे का बघा. स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी कसे बोलतील हे ठरवणारं मानक. 1.2 मध्ये प्रगतीची नोंद ठेवायला 4,096 अक्षरांचीच जागा असते. कोर्सचे तुकडे करा, नाहीतर स्कॉर्म 2004 च्या तिसऱ्या किंवा चौथ्या आवृत्तीत पॅकेज मागा. तिथं 64,000 अक्षरं मावतात. आपलं एलएमएस ती आवृत्ती घेतं का, हे आधी तपासा. 'बाहेर पडा' बटण न दाबता विंडो बंद केली तरी नोंद हुकू शकते. ते बटण मोठं आणि मराठीत हवं.

भाषेचं तर विचारूच नका. आमच्या कोर्समध्ये लॅडलला 'द्रवधातू पात्र' म्हटलं होतं. शॉपवर ते कुणालाच कळलं नाही. परप्रांतीय पोरांसाठी हिंदी आवाजही लागतो, आणि मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून खाली मजकूर हवाच.

आता आमच्याकडे शेवटचा हप्ता एजन्सीच्या डेमोवर सुटत नाही. मिस्त्री स्वतःच्या मोबाइलवर, आमच्याच एलएमएसवर कोर्स पुरा करतात आणि नोंद 'पूर्ण' दिसते, तेव्हा चेक निघतो.